मला काही नाही हो, पण…

"मला काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही."

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही भाड्याचं घर शोधायला निघा. तुमचं आडनाव 'चालणारं' नसेल तर हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागतं. तोवर सगळं सुरळीत असतं. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे, पाण्याचा त्रास नाही, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. मग एजंट सहज विचारल्यासारखं विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनावावरून अंदाज आला नाही तर "मूळचे कुठले?" तेवढ्यानेही भागलं नाही तर "नॉनव्हेज खाता का?" शेवटी "मालकांशी बोलून कळवतो." संध्याकाळी निरोप येतो, फ्लॅट गेला. चार दिवसांनी त्याच फ्लॅटची जाहिरात त्याच फोटोंसह पुन्हा झळकते.

नकार नेमका दिला कोणी? मालक म्हणतो, सोसायटीचा नियम. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही कुठे काय म्हणालो, मालकाची मर्जी. एजंट म्हणतो, मी आपला मधला माणूस. शेजारी म्हणतात, आम्हाला कोणी विचारलंच नाही. नकार मात्र घर शोधणाऱ्याच्या पदरात पडलेला असतो. आपल्या शहरांतला भेदभाव आज असा चालतो. तो कुणाच्याच नावावर नसतो, म्हणून कुणालाच त्याचा जाब द्यावा लागत नाही.

समान संधीवर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. राज्यघटनेच्या उद्देशिकेत ती आहे, कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींत तळाला बारीक अक्षरांत ती असते. मला तिची एकच कसोटी महत्त्वाची वाटते. जो दार लावतो त्याला आपलं नाव आणि कारण सांगावं लागतं का? लागत नसेल, तर बाकी मजकुराला किंमत नाही.

सप्टेंबर १९१७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकून आलेला हा तरुण. त्याला बडोद्यात राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात वरच्या मजल्यावर राहिले. अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडायच्या तयारीत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा, असं त्यांनी बजावलं.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातल्या काठ्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला त्यापुढचा भाग जास्त ओळखीचा वाटतो. ते मदतीसाठी दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको बाहेरगावाहून येते आहे, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांना काय समजायचं ते समजलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला.

दोघांपैकी एकालाही स्वतःची अडचण नव्हती. अडचण एकाच्या नोकरांची होती, दुसऱ्याच्या बायकोची. आज ती सोसायटीची असते, आईवडिलांची असते, 'आमच्याकडच्या पद्धती'ची असते. शंभर वर्षं उलटली तरी आपण तीच सबब वापरतो आहोत.

दुसरी सबब याहून पक्की आहे. "माझं घर आहे, मी कुणालाही देईन." ऐकायला बिनतोड वाटते. ती महाडलाही वापरून झाली आहे.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी किंवा सार्वजनिक खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता तसा ठराव केला. कागदोपत्री काम पूर्ण झालं. तळ्याचं पाणी मात्र कुणी अस्पृश्य भरू शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या मोर्च्यासह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी लोकांना मारहाण झाली. पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरात स्पृश्यांपैकी काही जण दिवाणी दावा घेऊन कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं होतं की हे तळं सार्वजनिक नाहीच, खासगी मालकीचं आहे.

इथे क्षणभर थांबा. ज्या तळ्यावर गावातला जवळपास कुणीही जाऊ शकत होता, ते अस्पृश्यांनी ओंजळ भरताच खासगी झालं. तळं तेच, पाणी तेच. मालकीची आठवण झाली ती माणूस बदलल्यावर. हा दावा नऊ वर्षांहून जास्त काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी जवळपास दहा वर्षं.

आजचा फ्लॅटमालकही आपला फ्लॅट साऱ्या जगासाठी जाहिरातीत मांडतो. फोटो टाकतो, भाडं सांगतो, येईल त्याला दाखवतो. तोवर तो धंदा असतो. आडनाव कळलं की त्याचं 'माझं घर' होतं.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, हे आजचं कलम १५(२). प्रश्न निघाला की दुकान म्हणजे काय? डॉक्टरचा दवाखाना, वकिलाची कचेरी, केशकर्तनालय त्यात येतं का? बाबासाहेबांनी उत्तर दिलं की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कोणी येणाऱ्याला सेवा द्यायला बसला आहे तो त्यात आला. बडोद्यात खोलीसाठी वणवणलेला आणि महाडचा खटला लढलेला माणूस हे सांगत होता. 'खासगी' या सबबीची ताकद त्याला पुरती माहीत होती. हे कलम फक्त सरकारला नाही, तुम्हाआम्हालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका खटल्यात हाच व्यापक अर्थ उचलून धरला आणि खासगी शिक्षणसंस्थाही त्यात आणल्या.

पण घराच्या बाबतीत आपण मागे सरकलो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सभासदत्व फक्त पारशांनाच, हा तिचा उपविधी २००५ मध्ये न्यायालयाने वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि सहकार कायद्यात अशा अटीला मनाई नाही, असा निकाल. कायदेमंडळाने तशी दुरुस्ती केलेली नसताना सोसायटीला तिच्या उपविधीविरुद्ध वागायला सांगता येणार नाही, असंही न्यायालय म्हणालं. मला हा निकाल पटत नाही. पारशांसारख्या चिमुकल्या समाजाची चिंता मी समजू शकतो. पण तीच वाट बहुसंख्याकांच्या हाती दिली की शहराचे तुकडे पडतात. ते असो. न्यायालयाने चेंडू कायदेमंडळाकडे टाकला, त्याला वीस वर्षं झाली. तो कुणी उचललेला नाही.

कायदा करता येत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोनदा केलेला आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा आहे. दोन्हींत नोकरी नाकारायला मनाई आहे आणि घर विकत किंवा भाड्याने घेण्याच्या हक्कात आडकाठी करायलाही मनाई आहे, खासगी मालक असला तरी. अंमलबजावणी लंगडी आहे, पण कायद्याची भाषा स्वच्छ आहे. तीच भाषा जात आणि धर्माच्या बाबतीत वापरायला संसदेची लेखणी अडते. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये विधेयकाचा मसुदाही दिला. तो कायदा झाला नाही.

दलित माणसासाठी ॲट्रॉसिटीचा कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो हवाच. पण फ्लॅट नाकारणारा जातीचं नाव घेतो कुठे? तो म्हणतो, "फ्लॅट गेला." न उच्चारलेल्या शब्दाची फिर्याद पोलीस ठाण्यात कशी नोंदवायची?

नोकरीचं दार यापेक्षा वेगळं नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ते मोजून दाखवलं. २००५ पासून वर्षभराहून जास्त काळ त्यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. सगळे खासगी कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी. शिक्षण आणि पात्रता सारखी ठेवली, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखत झालेली नाही, आवाज ऐकलेला नाही, चेहरा पाहिलेला नाही. टेबलावर एक कागद आला आणि तो बाजूला ठेवला गेला.

गुणवत्तेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी या आकड्यांचं उत्तर द्यावं. इथे आरक्षण नव्हतं, सवलत नव्हती, गुण कमी नव्हते. जे बाजूला पडलं ते नाव होतं. गुणवत्तेवर खरोखर प्रेम असेल तर सगळ्यात आधी या प्रकाराची चीड यायला हवी.

बायकांचा हिशोबही फार निराळा नाही. ऑड्री डिकॉस्टा मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांना त्यांच्याहून जास्त पगार होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कंपनीने सांगितलं, काम वेगळं आहे, आणि शिवाय आम्हाला परवडत नाही. १९८७ मध्ये न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. समान पगार परवडत नाही हे कारणच होऊ शकत नाही, हा निकाल प्रत्येक मालकाच्या केबिनमध्ये लावायला हवा. आणि मुलाखतीला आलेल्या मुलीला "लग्नाचा काय विचार?" असं अजूनही विचारणाऱ्यांना एकच सांगणं आहे: शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला तुम्ही ते विचारत नाही.

घराकडे परत येतो, कारण बाकीच्या संधी पत्त्यावर येऊन थांबतात. घर कुठे आहे यावर मुलांची शाळा ठरते, कामावर पोचायला लागणारा वेळ ठरतो, रात्रपाळी घेता येईल की नाही हे ठरतं. मुंब्रा कसं वाढलं ते आठवा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या मिश्र वस्त्यांमधून मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून तिथे गेली. पुढे त्यांची मुलं शिकली, कमावती झाली. चांगल्या इमारतीत, कामाच्या जवळ घर घ्यायला निघाली तेव्हा त्यांना "मालकांशी बोलून कळवतो" हे ऐकावं लागलं. आणि मग आपणच म्हणायचं, हे लोक आपापल्यातच राहतात! दार आपण लावायचं आणि आत न आल्याचा दोष त्यांना द्यायचा, हा अन्याय आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. मराठी माणसाला इथे जागा देत नाही, असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं. त्यांनी व्हिडिओ केला आणि महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. तो राग शंभर टक्के रास्त होता. आपल्याच शहरात आपल्या नावामुळे दार बंद होणं काय असतं, ते त्या आठवड्यात लाखो मराठी घरांना पोटातून कळलं. तोच राग आपल्या इमारतीतून शेख नावाच्या नर्सला, कांबळे नावाच्या इंजिनिअरला, एकट्या राहणाऱ्या मुलीला, मणिपूरहून आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवलं जातं तेव्हा कुठे जातो? स्वतःवर बेतल्यावरच अन्याय दिसत असेल, तर ती चीड अन्यायाची नाही, फक्त आपल्या पाळीची आहे.

भाडेकरू निवडायचा मालकाला हक्क आहे, यात वाद नाही. भाडं देण्याची ऐपत पाहा. आधीच्या मालकाकडे चौकशी करा. पोलिसांकडे माहिती द्या. करारात अटी घाला, मोडल्या तर घर रिकामं करून घ्या. माणसाच्या वागण्यावरून नकार द्यायला कुणाची हरकत नाही. जन्मावरून द्यायला आहे. आणि खाण्याचं म्हणाल, तर तो प्रश्न बहुतेक वेळा आडनावाचीच दुसरी फेरी असतो. शाकाहारी असलेल्या मुस्लिम माणसाला किती सोसायट्यांनी उत्साहाने घर दिलं आहे, ते एकदा मोजावं.

कायदा येईल तेव्हा येईल. आज हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर तो निर्णय कारणांसह कळवावा लागतो. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. नाकारलेल्याला निबंधकाकडे अपील आहे. म्हणजे घर विकत घेणाऱ्यासाठी 'कारण लेखी द्या' हे तत्त्व या राज्यात आधीपासून आहे. आणि भाडेकरूसाठी? राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीच लागत नाही, फक्त कळवावं लागतं. "सोसायटीत चालत नाही" या वाक्याला कागदावर आधार नाही. पुढच्या वेळी ते ऐकलंत तर शांतपणे म्हणा, "ठीक आहे, लेखी द्या." फारच थोडे लोक ते लिहून देतील, कारण लिहिलं की खाली सही करावी लागते.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हुकमाने नोकरी मिळते, शेजार मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून भर रस्त्यात तिथला चहा मागवून प्यायचे, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. "मला काही नाही, पण लोकांना चालत नाही" असं ते म्हणू शकले असते. राजाला तर ते म्हणणं आणखी सोपं होतं.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पार्किंग, गळती, लिफ्टचं कंत्राट हे विषय येतीलच. त्यात एक ठराव तुम्ही मांडा: 'या इमारतीत जात, धर्म, भाषा, आहार किंवा वैवाहिक स्थिती यांवरून कोणालाही घर विकायला वा भाड्याने द्यायला संस्था हरकत घेणार नाही, कोणतीही हरकत लेखी, कारणासह आणि हरकत घेणाऱ्याच्या नावासह नोंदवली जाईल.' सूचक म्हणून तुमचं नाव लिहा, अनुमोदक म्हणून शेजाऱ्याला विचारा. ठराव नामंजूर झाला, तर कुणी कुणी विरोध केला ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.